दुर्बिणीने की उघडी?

"डॉक्टर, दुर्बिणीनेच करायचं ना?" हर्निया आहे म्हटलं की तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारता. मीही अनेक वर्षं फारसा विचार न करता "हो" म्हणत आलो. मग माझ्याच बेंबीशी आवळ्याएवढा फुगवटा आला. खोकलं की वर यायचा, आडवं झालं की आत जायचा. वर्षभर मी तो शर्टाखाली लपवला, हे कबूल करतो.

शेवटी सर्जन मित्राला दाखवलं. पोटाच्या भिंतीतलं भोक जेमतेम दोन सेंटिमीटर निघालं. "उघडीच करू," तो म्हणाला. खरं सांगतो, मी खट्टू झालो. जुनी पद्धत, तीही डॉक्टरला?

त्याचं म्हणणं असं. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल लागते, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावं लागतं. एवढ्याशा भोकाला बेंबीजवळचा छोटा छेद पुरतो आणि जाळी पोटाच्या आतल्या पडद्याबाहेरच बसवता येते. दुर्बिणीत ती बरेचदा पडद्याच्या आतून लावतात. मग आतडं चिकटू नये म्हणून खास थराची, महागडी जाळी घ्यावी लागते.

पण माझ्या एका पेशंटबाईंना मी दुर्बिणीचाच सल्ला दिला. गर्भाशय काढल्याच्या जुन्या टाक्यांतून हर्निया, त्यात मधुमेह आणि लठ्ठपणा. अशा पोटावर मोठी चीर म्हणजे जखम चिघळण्याची भीती. दुर्बिणीत ती बरीच कमी. मात्र चिकटलेली आतडी सोडवताना इजा होऊ शकते, हेही त्यांना आधीच सांगितलं होतं. आणि दमेकरी आजोबांचा जांघेतला हर्निया? तो फक्त ती जागा बधिर करूनही उघड्या पद्धतीने दुरुस्त होतो.

तेव्हा सर्जनला विचारा: भोक केवढं, भूल कोणती, जाळी कुठे बसणार, आणि ही पद्धत तुमच्या हातची किती सवयीची? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका.

फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. माझं अडकलं नाही, एवढंच. त्या वर्षभराच्या लपवाछपवीवर मित्राने टेबलावरच जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.