कैदेत आणि कैद्यांत

आमच्या आजोळी, वाईला, आत्याआजीची ओळख दोन वाक्यांत करून दिली जायची. “वन्सं लढाईत नर्स होत्या. जपान्यांच्या कैदेत होत्या.” पहिलं वाक्य आजी नेहमीच्या आवाजात म्हणायची, दुसरं खालच्या. त्या खालच्या आवाजाचा अर्थ मला फार उशिरा कळला. बाई परक्या सैनिकांच्या कैदेत राहून आली म्हटल्यावर कुणी तिला काही विचारत नसे, आणि न विचारताच जो तो आपापलं समजून घेत असे.

आत्याआजी म्हणजे माझ्या आईची आत्या. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. वडिलांनी तिला पुण्याला रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात घातलं, तिथून ती ससूनमध्ये नर्सिंग शिकली. युद्ध सुरू झाल्यावर सैन्याच्या नर्सिंग सेवेत गेली. १९४६मध्ये परतली ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. नंतर तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी केली आणि वाईच्या माडीवरच्या खोलीत राहिली. मी आठ वर्षांचा असताना ती गेली.

दोन वर्षांपूर्वी आई म्हणाली, “आत्याचं खरं काय ते एकदा कळू दे. मी आता किती दिवसांची?” तेव्हा शोध सुरू झाला.

मला वाटलं, सोपं आहे. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. त्याच्या आदल्या दिवसांत तिथून नर्सेसना जहाजांतून हलवलं जात होतं. ‘व्हायनर ब्रूक’ या जहाजावर पासष्ट ऑस्ट्रेलियन नर्सेस होत्या. जहाज बुडालं, बारा जणी समुद्रात गेल्या. बांका बेटाच्या किनाऱ्यावर एकवीस जणींना गोळ्या घातल्या. बत्तीस जणी सुमात्राकडच्या छावण्यांत साडेतीन वर्षं राहिल्या, त्यांतल्या आठ तिथेच वारल्या. घरी पोचल्या चोवीस. प्रत्येकीचं नाव, गाव, मृत्यूची तारीख नोंदलेली आहे. मी त्या याद्या वाचत बसायचो आणि आत्याआजीला मनातल्या मनात त्या छावणीत नेऊन बसवायचो.

लंडनला राहणाऱ्या मावसभावाला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवलं. जपान्यांनी युद्धकैद्यांची केलेली सुमारे छप्पन्न हजार कार्डं तिथे आहेत. तिचं नाव सापडलं नाही. जिनिव्हाला रेडक्रॉसला लिहिलं. तिथूनही नकार आला.

मग ट्रंक उघडली. तळाशी दोन पदकं होती, कडेवर तिचं नाव कोरलेली. एक वॉर मेडल, एक इंडिया सर्व्हिस मेडल. बस, एवढंच. सिंगापूर पडताना ती मलायात असती तर पॅसिफिक स्टार मिळाला असता. त्यानंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असती तर बर्मा स्टार. ट्रंकेत एकही स्टार नव्हता. म्हणजे जपानने शरणागतीवर सही केली त्या २ सप्टेंबर १९४५पर्यंत ती बहुधा हिंदुस्थानातच, कुठल्या तरी लष्करी इस्पितळात होती. कैद झालीच नव्हती.

खरं सांगायचं तर मी निराश झालो. मी आठवडाभर आईला फोन केला नाही. आपल्या घरातली बाई छळातून गेली नाही, याचं मला वाईट वाटत होतं. ते लक्षात आलं तेव्हा स्वतःची लाज वाटली.

शेवटी सगळं सांगायला वाईला गेलो. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तिची वही बघितलीस का?” कसली वही? तर आईने वर्षानुवर्षं धोब्याचा हिशोब लिहिलेली, काळ्या पुठ्ठ्याची. पुढे “चादरी ४, पँटी २” आणि मागून, उलट्या बाजूने, आत्याआजीचं अक्षर. मी लंडनपर्यंत माणूस पाठवला होता. वही स्वयंपाकघराच्या फडताळात होती.

पहिल्या पानावर: सिंगापूर, ता. २ ऑक्टोबर १९४५. आणि पुढे नोंदी.

“बेड १४. वजन ८२ पौंड. पायाला सूज, बोट दाबले की खळगा राहतो. बेरीबेरी.”

“पेज थोडी थोडी, दर दोन तासांनी. एकदम जेवण नको.”

“बेड ९. पाव उशीखाली लपवतो. काढून घेऊ नये.”

सिंगापूर पडलं तेव्हा हिंदी फौजेचे हजारो शिपाई पकडले गेले होते. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत. न गेलेल्यांपैकी अनेकांना जहाजांत कोंबून न्यू गिनी, बोर्निओसारख्या बेटांवर मजुरीला नेलं. युद्ध संपल्यावर जे जिवंत उरले ते इस्पितळांत आले. सेनेत गेलेल्यांची सरकार चौकशी करून पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी करत होतं. वहीत कोण सेनेत होता, कोण नव्हता, याचा एक शब्द नाही. फक्त बेड, वजन, सूज. एका रुग्णाचं वजन तीन आठवड्यांत ८२वरून ९१वर गेलेलं आहे. त्या आकड्याखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे.

“लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं,” आई म्हणाली. “आत्या, तू कैदेत होतीस? तर म्हणाली, कैद्यांत होते.”

माझा तर्क असा की तिने सिंगापूरहून धाडलेल्या एखाद्या पत्रातही हेच लिहिलं असणार: मी सध्या कैद्यांत आहे. घरच्यांनी वाचलं, कैदेत. मग लाल किल्ल्यातले खटले गाजले, कैद या शब्दाला तेज आलं, पण बाईच्या बाबतीत तो खालच्या आवाजातच राहिला. तिने तो दुरुस्त का केला नाही, हे मला सांगता येत नाही. केला असता तर लोकांनी पुढचे प्रश्न विचारले असते आणि बेड १४, बेड ९ यांच्याबद्दल बोलावं लागलं असतं, एवढं वाटतं.

१९४६मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यात अख्ख्या देशात सात हजार नर्सेस, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक, असा हिशोब आहे. त्या सात हजारांतली एक वाईच्या माडीवर राहत होती आणि घर तिच्याबद्दल कुजबुजत होतं.

एक गोष्ट मात्र घराला आधीपासून माहीत होती, नुसती समजली नव्हती. आत्याआजी गिरणीत पांढराशुभ्र केलेला तांदूळ घरात येऊ देत नसे. हातसडीचाच हवा. आम्ही पोरं “आत्याआजीचा तांबडा भात” म्हणून नाकं मुरडायचो. तांदूळ फार सडला की कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व जातं, आणि नुसत्या तसल्या भातावर माणूस जगला तर बेरीबेरी होते. भात बघून ती कधी काही बोलली नाही. फक्त पेज ओतून टाकताना दिसली की आजीचा हात धरायची.

निघताना आईने मला पाच किलो तांदूळ बांधून दिला. तांबडाच.