शिटीचा पल्ला

माझी शिटी पोलिसी आहे. पितळेची, लांबट नळीची, आत वाटाणा नसलेली. काका हवालदार होते. निवृत्तीच्या वेळी बाकी सगळं साहित्य जमा झालं आणि शिटी तेवढी घरी आली. ती कशी, हे घरात कुणी विचारलं नाही. हा नमुना मूळचा बर्मिंगहॅमचा. जोसेफ हडसन नावाच्या कारागिराची शिटी १८८३ साली लंडनच्या पोलिसांनी स्वीकारली. त्याआधी ते लाकडी खुळखुळे घेऊन गस्त घालत. गर्दीगोंगाटातून आवाज लांब पोचवणं, एवढंच तिचं काम.

कॉलेजात असताना मी ती गळ्यात घालून सोमनाथला गेलो. मूल तालुक्यात, कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं जिथे भातशेती उभी करत होती, तिथे बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात भरे. पुण्या-मुंबईच्या पोरांच्या गटाचा प्रमुख मला केलं, कारण मी ब्रह्मपुरीचा, म्हणजे जंगलातला, असा सगळ्यांचा समज. मी बसस्टँडजवळ वाढलेला. सागवान मला दाराच्या चौकटीत ओळखू येई. पण तिथे शिटीला काम पडलं नाही. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे असत नाहीतर आडवे. ते बोलायला लागले की पोरं घमेली खाली ठेवून आपसूक गोळा होत. आवाज न चढवता माणसं जमवण्याची ती विद्या आपल्यालाही येईल, असं त्या वयात वाटून गेलं.

पुढे मास्तर झालो. १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमचा अर्धा मित्रवर्ग एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात गेला. आणि काही वर्षांनी बदलीने मीही तिकडे. तिथे नववीच्या मुलांचं उन्हाळी शिबिर माझ्या गळ्यात पडलं. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात शिबिर म्हटलं की बाहेरचे लोक आपल्या डोक्याकडे पाहतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे. पण शेतीची कामं नसतात, शाळेला सुट्टी असते, आणि माजी मालगुजारी तलावांच्या काठी सावली चांगली असते. पहाटे उठायचं, अकराला आत यायचं, चारपर्यंत दुपट्टा ओला करून पडून राहायचं. पोरांना हे जन्मजात ठाऊक. न पडून राहणारा मीच.

शिटीचा नियम साधा होता. एक लांब शिटी म्हणजे जेवण, तीन म्हणजे असाल तसे या. पहिल्याच शिबिरात ओढ्याकाठच्या वेलींना धरून खाली उतरताना मी एका मखमली, तपकिरी शेंगांच्या झुपक्याला हात घातला. खाजकुयली. शेंगेवरची लव मानेपर्यंत गेली आणि मी शिट्यांवर शिट्या मारत सुटलो. चाळीसेक पोरं असतील तशी धावत आली, आणि तीन शिट्यांचं कारण सर स्वतः आहेत हे पाहून अतिशय शांत झाली. गावातल्या एका मावशीने ताजं शेण आणवलं आणि पोरांच्या देखत माझी मान, दंड, पाठ शेणाने चोळून काढली. त्यानंतर त्या तुकडीला नागरिकशास्त्र शिकवताना ‘अधिकार’ हा धडा मी जरा घाईत उरकला.

भृंगराजाचं प्रकरण त्याहून वाईट. शेपटीला दोन लांब पिसं मिरवणारा हा कोतवालाच्या जातीचा पक्षी दुसऱ्यांच्या आवाजाच्या नकला करतो, हे मी मुलांना संध्याकाळी रंगवून सांगितलं. त्याच मध्यरात्री तीन शिट्या झाल्या. मी बनियन-टॉवेलवर टॉर्च घेऊन बाहेर आलो, तर अंगणात सगळी पोरं रांगेत उभी, कपडे नीट, केस नीट. शिटी माझ्या गळ्यातच होती. कोणी वाजवली? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागून एक गंभीर आवाज आला, “पाखरू असन जी, सर.” रात्री दोनला कुठला भृंगराज! पण धडा माझाच होता, त्यामुळे वाद घालता येईना. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातला एक मुलगा तेंदूचं कोवळं पान ओठांत धरून हुबेहूब माझी शिटी काढताना दिसला. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेलने वीस मुलांचं पहिलं स्काउट शिबिर घेतलं, तेव्हा उठवण्यासाठी त्याने आफ्रिकेतून आणलेलं कुडूचं शिंग फुंकलं होतं. त्या शिंगाची नक्कल पानावर होत नाही. माणूस दूरदर्शी.

मात्र एका सकाळी हजेरीला दोन मुली कमी भरल्या आणि गंमत संपली. बाकीच्यांना सोबतच्या बाईंकडे सोपवून मी निघालो. दहा वाजून गेले होते. उन्हाळ्यात सागाची पानं झडतात, रान उघडंबोडकं होतं, त्यामुळे वाटतं की आवाज अडवायला आता आहेच काय? पहाटे ते खरंही असतं. जमिनीलगतची हवा गार, वरची जरा ऊबदार, म्हणून आवाज खाली वाकत लांब जातो. पहाटेच्या शिटीला तलावापलीकडच्या गावातली कुत्री उत्तर देतात. ऊन चढलं की सगळं उलटतं. तापलेल्या जमिनीवरची हवा आवाजाला वर भिरकावते. जीव खाऊन वाजवा, हाकेच्या अंतरावरच्या माणसाला धड ऐकू येत नाही. हे मी विज्ञानाच्या तासाला आकृती काढून शिकवत होतो. तरी वाजवत राहिलो. तेव्हा लक्षात आलं, शिटी मुलींना बोलावत नव्हती. माझ्या छातीतली धडधड मला ऐकू येऊ नये म्हणून ती वाजत होती.

मग चकवा लागला. कोरडा नाला ओलांडला, परत ओलांडला, तोच वाळलेला पळस पुन्हा पुढे. पाणी संपलं. शेवटी बकऱ्यांमागून एक म्हातारा आला. “मास्तर, कोनाले शोधता?” म्हटलं, दोन पोरी. “त्या तं फळीवर आहेत.”

तेंदूपत्त्याची फळी म्हणजे उघडं मैदान; तोडून आणलेल्या पानांचे पुडे तिथे ओळीने वाळत ठेवतात. कडेला, मोहाच्या सावलीत, एक आजी मांडी घालून बसली होती आणि माझ्या दोघी तिच्या दोन बाजूंना. आजी पान उचलायची, मांडीवर अंगठ्याने सरळ करायची, देठाला देठ लावायची, भोक पडलेलं बाजूला टाकायची; गठ्ठा मुठीत भरला की सालीच्या दोरीचा वेढा आणि गाठ. तोंडाने एकीकडे सुनेची तक्रार चालू. तिने मोजलेलं मला दिसलं नाही. आमच्यातल्या एकीने पुडा सोडून मोजला, सत्तर भरली. दुसरा सोडला, सत्तर. सत्तरच लागतात. मी रोज दिवसातून कितीदा तरी चाळीस पोरं बोट दाखवून मोजायचो आणि तरी दरवेळी आकडा वेगळा यायचा.

“सर, तुम्ही कुठं गेलते?” पोरी म्हणाल्या. “आम्ही तं बाईंले सांगून आलो.” बाईंनी मला मागून हाका मारल्या होत्या. शिटीच्या आवाजात त्या मला ऐकू आल्या नाहीत. दरम्यान मी परतलो नाही म्हणून पाटलांचा मुलगा मला शोधायला सायकलवर निघाला होता, आणि त्याला शोधायला आता मुली निघणार होत्या.

यावर पुष्कळ वर्षं शिक्षकांच्या खोलीत हसलो. आता तितकं हसू येत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. तिघी, एकाच दिवशी. ज्या सावलीत आम्ही पोरांना निजवत होतो, तिथे आज मी कुणाच्या लेकरांना नेणार नाही. माझी धास्ती त्या काळी अनाठायी होती असं लोक म्हणत. जरा लवकर आली होती, एवढंच. पण धास्ती बरोबर असली म्हणून शिटी उपयोगाची ठरत नाही. वाटा, पाणवठे, ताज्या खुणा, कोणत्या बाजूला आज जायचं नाही, हे तिथल्या माणसाला विचारायचं असतं, आणि विचारण्यासाठी आधी तोंडातली शिटी काढावी लागते.

तो पानावर शिटी वाजवणारा मुलगा आता एटापल्लीकडे मास्तर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, शिबिर घेतोय म्हणाला. डोंगरात नाही, शाळेच्याच आवारात, एका सकाळी फक्त वनरक्षकांसोबत जवळच्या फेरीला. मी यादी सांगितली: मीठ-साखरेचं पाणी, दुपट्टे, टॉर्च, मुलांच्या घरचे नंबर कागदावर, कारण तिथे नेटवर्क येईल याचा भरवसा नाही. काकांची शिटी देऊ का, विचारलं. मुकाट ऐकून घेतलं त्याने.

“द्या ना सर. तुम्हीबी या. पण फेरीत तुम्ही मधात चालायचं. मागं एक पोरगा ठेवतो तुमच्या.”

मी विचारलं, पोरगा कशाला?

“मोजायले.”