धाराशिवचे बारा प्राणी

बालमित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या पाहू. तुमचं जन्मसाल लिहा आणि त्याला १२ नं भागा. भागाकाराकडे बघू नका, आपल्याला हवी आहे फक्त बाकी. उरली किती?

बाकी ४ असेल तर उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ शेळी किंवा मेंढी, ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा आणि ३ असेल तर डुक्कर! २०१४ साली जन्मलेल्यांची बाकी उरते १०, म्हणजे घोडा. २०१६ ची बाकी शून्य, म्हणजे माकड. हसताय काय? चीन-जपानात प्रत्येक वर्षाला असा एक प्राणी असतो. तिथं नवीन वर्षाच्या शुभेच्छापत्रांवर त्या-त्या वर्षाच्या प्राण्याचं चित्र काढतात. बारा वर्षं झाली की पुन्हा उंदरापासून सुरुवात. (चीनमध्ये मात्र वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत बदलतं. तेव्हा त्या वर्षी तिकडचं नवं वर्ष लागण्याआधी जन्मलेल्यांनी तिकडच्या हिशेबानं एक प्राणी मागं जावं.)

या बाराजणांची निवड कशी झाली, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. देवानं सांगितलं, जे प्राणी आधी पोचतील त्या बारांना एकेक वर्ष मिळेल. उंदीरमामा लबाड! बैलाच्या पाठीवर बसून गेले आणि दारात पोचताच टुणकन उडी मारून पहिले आले. त्याआधी त्यांनी मांजरीला शर्यतीचा दिवसच चुकीचा सांगून ठेवला होता. बिचारी मांजर दुसऱ्या दिवशी पोचली. तेव्हापासून ती उंदरामागं लागली ती आजपर्यंत.

या गोष्टीवरून २०१५ साली जपानमध्ये 'एतोतमा' नावाची विनोदी कार्टून-मालिका निघाली. अशा जपानी कार्टूनना 'ॲनिमे' म्हणतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक! त्यात बाराही प्राणी मुलींच्या रूपात आहेत. न्यातान नावाची मांजर 'मलाही तुमच्यात घ्या' म्हणून सगळ्यांशी लुटुपुटीच्या लढाया करत फिरते.

माझ्या मनात आलं, हे बारा प्राणी आपल्या धाराशिव जिल्ह्यात शोधले तर? सापडतील सगळे? चला तर, शोधूया.

सुरुवात करू दक्षिणेकडून, नळदुर्गपासून. इथं बोरी नदी अडवून किल्ल्याच्या आतच धरण बांधलंय, तेही १६१३ साली, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदीला पाणी आलं की 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे धो धो कोसळतात आणि आत उभं राहून बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा पडतो. पण पाऊस झाला नाही तर? तर नुसती दगडी भिंत! हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घोडा आणि कुत्रा इथंच सापडतात, कारण इथं खंडोबा आहे. देव बसतो घोड्यावर आणि सोबतीला कुत्रा. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एकच. ती वर्षातले काही दिवस या गावात, काही दिवस त्या गावात असते. नेआण करताना सारा गाव लोटतो.

तिथून तुळजापूर. भवानीमातेचं वाहन सिंह, पण तो बाराजणांच्या यादीत नाही. मग रस्त्यानं जाता जाता इकडं तिकडं बघा. शेतात बैल आहे, बांधावर साप आहे. त्याच्या नावानं नागपंचमीला झोके बांधतातच. बिळात उंदीर आहे, माळावर ससा आहे, उकिरड्यावर कोंबडा आणि गावाकडेला डुक्कर. आणि हा काळ्याभोर शेळ्यांचा कळप पाहिलात? ही साधीसुधी शेळी नव्हे बरं का. ही 'उस्मानाबादी' शेळी. काटक, कमी चाऱ्यावर भागवणारी आणि बऱ्याचदा एका वेळी दोन करडं देणारी. दुष्काळी भागात ज्याच्याकडे जमीन नाही त्याची ही बँकच समजा. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीचं नाव आजही उस्मानाबादीच आहे.

धाराशिव ओलांडून उत्तरेला येडशीला आलो. रामलिंगच्या घाटात उतरा. दरीत महादेवाचं देऊळ, पावसाळ्यात शेजारी धबधबा आणि जिकडं तिकडं माकडं! हातातला प्रसाद सांभाळा. माकड तर सापडलं, पण वाघ? काही वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सरळ 'नाही' म्हटलं असतं. पण २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या वन विभागाच्या कॅमेऱ्यात खराखुरा पट्टेरी वाघ टिपला गेला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यावरून ओळख पटली. हा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आला होता! पुढं त्याला पकडायला पथकं आली, पण वाघोबा काही लवकर हाती लागेना.

आता राहिला ड्रॅगन. तो कुठं मिळायचा? त्यासाठी बार्शीवरून परंड्याला जावं लागेल. परंड्याच्या किल्ल्यावर पूर्वी एक अजस्र तोफ होती, 'मलिक-ए-मैदान'. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. तिचं तोंड म्हणजे आ वासलेला अक्राळविक्राळ राक्षसी प्राणी, आणि त्याच्या जबड्यात सापडलेला हत्ती. ड्रॅगनच की! १६३२ साली ही तोफ परंड्याहून विजापूरला नेली. आजही ती तिथं बुरुजावर आहे. म्हणजे आपला ड्रॅगन परगावी गेलाय एवढंच.

झाले की नाही बारा?

पण थांबा. आपल्या गावात याहून जुनी एक प्राण्यांची फौज आहे आणि तीसुद्धा बाकीवरच चालते! मे महिना संपत आला की पारावर बसलेली म्हातारी माणसं विचारतात, "गुरुजी, औंदा मिरगाचं वाहन काय हाय?" पंचांगात बघून सांगावं, "कोल्हा." की लगेच माना हलतात, "मंग काय खरं न्हाई."

पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन दिलेलं असतं. एकूण वाहनं नऊ. ती ठरतात कशी? सूर्य ज्या दिवशी नव्या नक्षत्रात जातो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येणाऱ्या आकड्याला ९ नं भागायचं. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि ० हत्ती. समजा सूर्य मृगात गेला. मृग हे पाचवं नक्षत्र. चंद्र स्वातीत आहे, म्हणजे पंधराव्यात. पाचपासून पंधरापर्यंत मोजले की झाले ११. त्याला ९ नं भागलं, बाकी २, वाहन कोल्हा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर आले की मध्यम. कोल्हा, मेंढा आले की ओढ. आणि घोडा आला की पाऊस डोंगरावर, असं म्हणतात.

आता नीट विचार करा. या सगळ्या गणितात ढग कुठं आला? वारा कुठं आला? समुद्र कुठं आला? आणखी एक. पंचांगातलं वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच. कोकणच्या माथ्यावरच्या आंबोलीलाही कोल्हा आणि आपल्या परंड्यालाही तोच कोल्हा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एकच कोल्हा दोन ठिकाणी इतका वेगळा कसा वागेल?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न गमतीचा नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. उलट २०२५ च्या सप्टेंबरात याच परंडा-भूम भागात अतिवृष्टीनं पूर आला, उभं सोयाबीन पाण्यात गेलं. बियाणं उसनवारीवर आणलेलं असतं. चांगलं वाहन आहे म्हणून पहिल्या सरीवर पेरलं आणि पुढं पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी! ज्याच्या घरी ती झालीय त्याला विचारा, त्या वर्षी दिवाळीला नवे कपडे आले का ते.

याचा अर्थ जुनी माणसं भोळी होती असा नाही हं. नक्षत्रं हे तर त्यांचं पक्कं कॅलेंडर होतं. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, हे ठरलेलं. घरात भिंतीवर कॅलेंडर नसताना कामाचा दिवस चुकू नये म्हणून हा हिशेब. आणि प्राणी जोडला की हिशेब तोंडपाठ राहतो, गप्पाही रंगतात. जपान्यांनी वर्षांना प्राणी जोडले, आपण पावसाला. इतकंच काय, त्यांच्याकडं बारा प्राणी आणि लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं मिळून ६० वर्षांचं चक्र होतं. आपल्याकडंही गुढीपाडव्याला पंचांगात संवत्सराचं नाव वाचतात, तीही ६० च!

घोटाळा होतो तो बाकीला नशीब समजलं की. जपानमधली खरी घडलेली गोष्ट ऐका. साठ वर्षांतून एकदा 'अग्नीचा घोडा' असं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याला भारी पडते, अशी तिकडची जुनी समजूत. १९६६ साली ते वर्ष आलं. जपानमध्ये आगगाड्या धावत होत्या, कारखाने उभे होते, घरोघरी टीव्ही आले होते. तरी काय झालं? १९६५ साली तिथं सुमारे १८ लाख मुलं जन्मली होती. १९६६ साली जन्मली साडेतेरा लाखांच्या आसपास. पुढच्या वर्षी पुन्हा १९ लाख! केवळ एका बाकीच्या भीतीनं लाखो आईबापांनी त्या वर्षी मूल नको म्हटलं. २०२६ हे पुन्हा त्याच घोड्याचं वर्ष.

आणि गंमत बघा, चीनमध्ये जे सशाचं वर्ष, तेच व्हिएतनाममध्ये मांजरीचं! २०२३ साली जन्मलेलं बाळ सीमेच्या अलीकडे ससा आणि पलीकडे मांजर. मग त्याचा स्वभाव सीमेवर बदलतो की काय?

पालकहो, हे वाचून जपानला हसण्याआधी आपल्या घरातही डोकावूया. 'मुलीला मंगळ आहे', 'मूळ नक्षत्रावर जन्मली' म्हणून चांगली शिकलेली, हुशार मुलगी स्थळाला नको होते की नाही? तिची मार्कशीट कुणी बघत नाही, तिची बाकी बघतात.

तेव्हा मुलांनो, या पावसाळ्यात एक काम करा. सपाट तळाचा आणि सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. झाडापासून, पत्र्यापासून दूर मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करून ठेवा. डबा लहान असो की मोठा, उंची तीच भरेल. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी, हेही ध्यानात ठेवा. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. तुमच्या वहीतली बेरीज तिथवर पोचली का, ते तुम्हीच घरी सांगू शकाल.

पारावरच्या आजोबांनी वाहन विचारलं तर तेही जरूर सांगा, त्यांच्याकडून कोल्ह्याच्या आणि बेडकाच्या चार गोष्टी ऐकून घ्या. आणि मग म्हणा, "आजोबा, आजपर्यंत आपल्या गावात ६२ मिलिमीटर झालाय. अजून थोडं थांबा."