मी खांबाची गोष्ट सांगायचो

पालकसभेत माझी एक ठरलेली गोष्ट असे. राळेगणसिद्धीचं यादवबाबांचं मंदिर, तिथला खांब, खांबाला बांधलेला दारुडा आणि अण्णा हजारेंचा लष्करातला पट्टा. "अख्खं गाव पट्ट्यानं सुधारलं, तुमचं कार्टं कोण लागून गेलं?" असं म्हटलं की मागे बसलेले बाप हसायचे. आया हसत नसत, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. सभा उठल्यावर एखादा बाप जवळ येऊन म्हणायचा, "सर, सोलून काढा, आमचं काही म्हणणं नाही." पारनेर तालुक्यातल्या शाळेत २८ वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी तरी याच परवानगीवर काढली.

टेबलाच्या खणात निरगुडीचा फोक असायचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आली तेव्हा तो कपाटावर गेला. जीभ कुठं ठेवणार? पोरं बिघडतात ती धाक उरला नाही म्हणून, हे माझं ठाम मत. आधी टीव्हीमुळे, मग मोबाइलमुळे, मग सुप्याच्या एमआयडीसीचा पैसा आला म्हणून. दर पाच वर्षांनी कारण बदलायचं, औषध तेच.

नववीत एक मुलगा होता. पहिल्या तासाला झोपायचा, उठवला की उलट बोलायचा. एकदा बाक लाथाडून वर्गाबाहेर गेला. त्याला फळ्याजवळ उभा केला तेव्हा त्याचे पाय दिसले. नखांच्या कडेनं काळा चिखल वाळून बसलेला, घोट्यावर त्याचे पापुद्रे. मी वहीत लिहिलं, 'अस्वच्छ, उद्धट.' वर्षाअखेर तो नापास झाला. बापाला बोलावून दाखला हातात दिला. देऊ नये म्हणणारेही शिक्षक होते. मीच हट्टाला पेटलो.

पुढे शिपायाकडून कळलं. बापाची पाठ गेलेली, म्हणून रात्री कांद्याचं भरणं हाच पोरगा करायचा. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायची आणि एकेक वाफा भरत पहाट करायची. तिथून आंघोळ उरकून शाळा. जानेवारीत आमच्या कोरड्या भागात पायाला चिखल येतो कुठून, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

तरी मी बदललो नाही. अपवाद म्हणून सोडून दिलं.

मग आठवीच्या मुलांची सहल घेऊन राळेगणला गेलो. वाडेगव्हाणवरून आत वळलो तेव्हाच पोरांना सांगितलं, खांब दाखवतो. मंदिरापुढे गोष्ट रंगात आली असताना पायरीवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, ते लई नंतर. तुम्ही मधूनच सुरू केलं."

खरोखरच मधून. अण्णा १९७५ साली फौजेतून गावी परतले तेव्हा मंदिर मोडकळीला आलेलं होतं. त्याची लाकडं दारूच्या भट्ट्यांत गेली होती. अण्णांनी स्वतःचे पैसे घातले आणि दुरुस्ती काढली. पारावर बसून काळ ढकलणारी तरणी पोरं त्या कामावर आली. पुढे त्यांचंच तरुण मंडळ झालं. दारू बंद करायचं मंदिरातल्या बैठकीत ठरलं आणि देवासमोर ठरलं म्हणून तिसावर भट्ट्या मालकांनी आपण होऊन मोडल्या. पट्टा उरलेल्यांसाठी, वारंवार सांगून न ऐकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. आई कडू औषध पाजतेच, असं त्याचं समर्थन अण्णा करत आले. मला आज ते पटत नाही, पण तो वेगळा वाद. मला लागलं ते हे, की गावातल्या ज्या पोरांना कुणी जमेत धरत नव्हतं त्यांच्या हातात आधी दगड-विटा आल्या होत्या, आणि मी सांगताना तो सगळा भाग गाळत होतो.

आजोबांनी आणखी एक सांगितलं आणि मी गप्प झालो. गावानं १९७९ साली शिक्षणसंस्था काढली, शाळेच्या मंजुरीसाठी १९८०मध्ये अण्णांनी उपोषण केलं, आणि वसतिगृहात मुलं घेतली ती नापास झालेली, घरच्यांनी हात टेकलेली, दुसऱ्या शाळांना नको असलेली. मुद्दाम. म्हणजे मी दाखला देऊन काढलेल्या पोरासाठी एक दार होतं, आणि ते माझ्याच गोष्टीतल्या गावात होतं. त्या बापाला मी पट्टा सांगितला होता. वसतिगृह नव्हतं सांगितलं.

आता वाचतो, की नववी-दहावीच्या वयात झोपेचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, आणि मेंदूचा आवर घालणारा भाग पिकायला पंचविशी उजाडते. गद्धेपंचविशी हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. मी तो फक्त शिवी म्हणून वापरला.

सगळ्यांच्या पायाला चिखल असतो असं मात्र नाही. खात्यापित्या घरचा एक मुलगा होता, झोप पूर्ण, घरी कशाला कमी नाही. तो लहान मुलांचे डबे उपडे करायचा. त्याला वृक्षारोपणाचं काम दिलं, बोललो, घरी गेलो. त्यानं रोपंही उपटली. दहावीनंतर तो आपोआप शांत झाला म्हणतात. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

परवा गल्लीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मी निवृत्त आहे, पण ख्याती टिकून आहे. "सर, सोलून काढा याला. सकाळी उठत नाही, आईला उलट बोलतो."

मी पोराच्या पायांकडे पाहिलं. बूट होते.

"शेतीला लाईट कधी असते तुमच्या?"

बाप गोंधळला. "लाईटीचं काय मधेच?"

पोरानं मान वर न करता उत्तर दिलं, "ह्या आठवड्यात रातची."