खिडक्या नसलेलं गाव

यंदा मे महिन्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. डलस विमानतळावरून ॲशबर्नला घरी यायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात त्यांनी तीनदा विचारलं, “मनू, ही गोदामं कसली गं?”

राखाडी, लांबच लांब, खिडक्या नसलेल्या इमारती. आम्हाला त्या आता दिसेनाशाच झाल्या आहेत. “डेटा सेंटर, बाबा. मोबाइलवर आपण जे काही करतो ना, त्यातलं बरंच इथून जातं. आता एआयसुद्धा.”

व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीत अशी सुमारे २०० केंद्रं आहेत. जगात एका जागी एवढी दाटी दुसरीकडे नाही. लग्नाआधी मी ठाण्याला शाळेत भूगोल शिकवायचे. उद्योग कुठे उभे राहतात, हा धडा मला तोंडपाठ: कच्चा माल, पाणी, मजूर, बाजारपेठ. इथलं उत्तर वेगळं आहे. नव्वदच्या दशकात इंटरनेटची मोठी जोडणी-केंद्रं या भागात आली, एओएलनं डलसला मुख्यालय थाटलं, जमिनीखाली केबलचं जाळं पसरलं. मोकळी जमीन होती, वीज होती, पुढे राज्यानं यंत्रसामग्रीवरचा विक्रीकरही माफ केला. धड्यातला ‘मजूर’ हा मुद्दा तेवढा गळाला.

ते बाबांच्याच लक्षात आलं. रोज संध्याकाळी आम्ही डब्ल्यू अँड ओडी वाटेवर फिरायला जायचो. ही जुन्या रेल्वेमार्गाची जागा. १९६८ साली गाडी बंद पडली आणि आता तिथे ४५ मैलांची चालायची, सायकलची वाट आहे. झाडी संपली की विजेचे मनोरे आणि भिंती सुरू होतात. कान दिला तर पंख्यांची एकसुरी घरघर ऐकू येते. बाबा थांबले. “एवढ्या मोठ्या इमारतीत किती माणसं कामाला असतील?”

बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या. पाळी सुटल्याचा भोंगा, फाटकातून लोटणाऱ्या सायकली, वडापावची गाडी हे सगळं त्यांच्या हिशेबात कारखान्याबरोबर येतंच. रात्री मी शोधलं. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाचा डिसेंबर २०२४चा अहवाल आहे. अडीच लाख चौरस फुटांच्या केंद्रात साधारण ५० माणसं, त्यांतली निम्मी कंत्राटी. बांधकाम ऐन भरात असताना मात्र १,५००पर्यंत.

“पन्नास!” बाबा म्हणाले. “आमच्या कँटीनलाच जवळपास तेवढी होती.”

मी त्यांना दुसरी बाजूही सांगितली. या यंत्रांवरच्या करातून काउंटीला भरपूर पैसा मिळतो. लेकाची शाळा, वाचनालय, बागा त्यावर चालतात, घरपट्टीचा दरही उतरला आहे. खोटं कशाला बोलू, आम्ही याचे लाभार्थी आहोत. पण विजेची भूक अफाट आहे. १० जुलै २०२४ला उत्तर व्हर्जिनियात एका तारेच्या बिघाडानं सुमारे ६० केंद्रं एकाच वेळी ग्रिडवरून सुटली आणि १,५०० मेगावॉटची मागणी क्षणात नाहीशी झाली. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट, म्हणजे अंदाज येईल.

खरा विषय निघाला तो जेवताना. एप्रिलमध्ये शॉपिफायचे प्रमुख टोबी लुटके यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं, की नवा माणूस मागण्याआधी ते काम एआयनं का होत नाही ते दाखवा. नवऱ्याच्या कंपनीतही लवकरच तशीच सूचना फिरली. जूनमध्ये त्याच्या गटातल्या चौघांना निरोप मिळाला. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. मी एच-फोरवर, मला कामाची परवानगी नाही.

बाबांनी वरण-भात कालवत विचारलं, “आणि साठवण कशात आहे, जावईबापू?”

“इंडेक्स फंडात, बाबा. ५०० कंपन्या असतात त्यात.”

पाचशे खऱ्या, पण त्या फंडाच्या किमतीत फक्त सात कंपन्यांचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश आहे, आणि त्यांची भिस्त मोठ्या प्रमाणावर एआयवर. म्हणजे घराची किंमत, पगार, निवृत्तीचे पैसे, लेकाच्या कॉलेजचे पैसे, सगळं या राखाडी भिंतींच्या भरवशावर. शिवाय त्या भिंतींचं भवितव्य ॲशबर्नमध्ये ठरतच नाही. आतल्या अत्याधुनिक चिप बहुतांशी तैवानमध्ये बनतात. त्या चीनला मिळू नयेत म्हणून अमेरिकेनं ऑक्टोबर २०२२मध्ये निर्बंध घातले. तरीही डीपसीक या चिनी कंपनीनं कमी खर्चातलं मॉडेल आणलं आणि २७ जानेवारी २०२५ला एका दिवसात एनव्हिडियाचं बाजारमूल्य सुमारे ५९० अब्ज डॉलरनं घसरलं. त्या दिवशी आमचा फंडही खाली आला होता. आम्ही बातमी वाचली आणि विसरलो.

बाबा एवढंच म्हणाले, “आमचा कारखाना बंद झाला तेव्हा पगार गेला. पोस्टातले पैसे जागेवर होते.”

त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. फंड मोडला नाही, पण सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात वेगळा काढला. नवऱ्याची नोकरी अजून आहे. मी मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी शिकवायला जाते. पगार नाही, पण पोरं प्रश्न विचारतात.

बाबा ऑगस्टमध्ये परतले. गणपतीत त्यांचा फोटो आला. त्यांच्या जुन्या कारखान्याच्या जागी राखाडी, बिनखिडक्यांची इमारत. ऐरोली-महापे भागात अशी डेटा सेंटर आता बरीच झाली आहेत. खाली त्यांनी लिहिलं होतं, “इथेही आलं गं तुझं ॲशबर्न. वॉचमनला विचारलं, किती माणसं? तो म्हणाला, काका, मोजायला वेळ लागणार नाही.”