जावईबापूंचा फॉर्म आणि माझा सातबारा

मैत्रिणींनो, कराच्या गोष्टी या पानावर कशाला, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले असते. आपण वाडीतली माणसे. केळीचे लोंगर, भाजीच्या जुड्या, मोगऱ्याच्या कळ्या यांचा हिशेब आपल्याला तोंडपाठ. पण आयकर म्हटला की तो नोकरीवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही, म्हणून त्या वाटेला आपण जात नाही. पण गेल्या गणपतीत माझी लेक आणि जावईबापू फोंड्याहून आले, येताना पिशवीत कागद घेऊन आले, आणि त्या कागदांवरून आमच्या घरात जे झाले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आमचे घर वसईत, होळीला. माझे लग्न होऊन बेचाळीस वर्षे झाली. पहाटे उठून भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या, होळीच्या बाजारात बसायचे, परत येऊन पाण्याच्या बाऱ्या बघायच्या, हा माझा जन्मक्रम. आमचे हे वाडीत राबत नाहीत असे नव्हे. पण बाजाराचा पैसा माझ्या हातून घरात येतो हे तेही कबूल करतील.

तर जावईबापूंचे फोंड्याला घरबांधणीच्या सामानाचे दुकान आहे आणि चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांचे आयकराचे विवरण मुंबईचा एकजण भरून देत असे. यंदा त्यांनी फोंड्यातल्याच वकिलाला कागद दाखवले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "बायकोचं पॅन कार्ड कुठं आहे?" जावईबापू म्हणाले, "तिचं काय काम? दुकान माझं आहे." वकील हसला म्हणे. म्हणाला, "गोव्यात लग्न नोंदवलंत ना? मग दुकान तुमचं एकट्याचं राहिलं कुठं?"

ही काय भानगड आहे ती लेकीने आम्हाला ओसरीवर बसून समजावली. गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळचा नागरी कायदा आहे. पोर्तुगालने तो १८६७ साली केला आणि १८७० पासून गोव्यात लागू झाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तरी तो कायदा तसाच चालू ठेवला. त्या कायद्याप्रमाणे, लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर लग्न लागल्याबरोबर नवऱ्याचे आणि बायकोचे सगळे एक होते. आधीचे, नंतरचे, वडिलांकडून आलेले, सगळे. त्यात अर्धे त्याचे, अर्धे तिचे. (कर्जही दोघांचे बरे का! हे माझ्या लेकीने जरा हळूच सांगितले.) घर किंवा जमीन विकायची तर एकट्या नवऱ्याच्या सहीने विकता येत नाही, बायकोची संमती लागते.

आता मिळकत अर्धी अर्धी असेल तर तिचे उत्पन्नही अर्धे अर्धे, आणि उत्पन्न अर्धे तर करही ज्याचा त्याने आपल्या अर्ध्यावर भरायचा. हे सरळ आहे; पण आयकर खाते आणि गोव्याची जोडपी यांच्यात यावरून बरीच वर्षे वाद चालले. शेवटी १९९४ साली संसदेने १९६१ च्या आयकर कायद्यात '५ अ' नावाचे कलम घातले आणि ते १९६३ पासून लागू धरले. त्यात म्हटले आहे की पोर्तुगीज कायद्याखालच्या नवरा-बायकोंचे धंद्याचे, भाड्याचे, व्याजाचे उत्पन्न दोघांत सारखे वाटावे आणि दोघांनी आपापले विवरण भरावे. पगार मात्र जो कमावतो त्याचाच. २०२५ साली नवा आयकर कायदा झाला, त्यातही ही सोय ठेवली आहे. फॉर्मात त्यासाठी वेगळा तक्ता असतो. त्यात जोडीदाराचे नाव, पॅन क्रमांक आणि कोणते उत्पन्न किती वाटले ते लिहायचे.

याने काय फरक पडतो? समजण्यापुरता आकडा घेऊ. दुकान आणि भाडे मिळून वर्षाचे १६ लाख रुपये सुटतात असे धरा. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दराने एकट्या माणसाच्या नावे त्यावर १ लाख २० हजार रुपये कर, वर ४ टक्के उपकर, मिळून १ लाख २४ हजार ८०० रुपये. तेच उत्पन्न ८ लाख आणि ८ लाख असे दोघांच्या नावे पडले, तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे दोघांचाही कर शून्य. मी हे दोनदा लिहून पाहिले, मग विश्वास बसला.

जावईबापूंची मिळकत एवढी नाही. तरी मागच्या वर्षांत जे जास्तीचे भरले ते ऐकून आमचे हे हळहळले. जुने विवरण दुरुस्त करायला मुदत असते, ती उलटून गेली. यंदाचे तेवढे हाती लागले. पण मला त्या रकमेपेक्षा जावईबापूंचे एक बोलणे लक्षात राहिले. त्यांनी वकिलाला विचारले होते, "अर्धा हिशेब तिच्या नावे दाखवला, तर उद्या दुकान अर्धं तिचं होईल का?" वकील म्हणाला, "ते लग्नाच्या दिवशीच झालं. सरकारला आता कळवायचं, एवढंच."

लेक हे सांगताना हसत होती. मी कोथिंबीर निवडत होते. माझ्या तोंडून सहज गेले, "अगं, मग माझं काय?"

ओसरीवर कुणी काही बोलेना. मग आमचे हे थट्टेवर आले. म्हणाले, "चिमाजी अप्पांना सांग. त्यांनी १७३९ साली हा किल्ला घेतला नसता, तर तुझंही नाव लागलं असतं." बोलण्यात तथ्य आहे. वसई १५३४ पासून दोनशेच्या वर वर्षे पोर्तुगिजांकडे होती. पण तो कायदा झाला तेव्हा त्यांना इथून जाऊन सव्वाशे वर्षे झाली होती. म्हणून एकाच कोकणपट्टीत लेकीला एक कायदा आणि आईला दुसरा. सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप आली नाही.

झोप का आली नाही ते सांगते. आमच्या मोठ्या जाऊबाई. त्यांची खालच्या अंगाची वाडी होती, विहिरीसकट. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वसईत जमिनींना भाव फुटला, तेव्हा भावजींनी ती विकली. जाऊबाईंना कधी कळले? माणसे माप घ्यायला आली तेव्हा. त्या दिवशी त्यांनी केळीला पाणी लावले होते. आलेल्या माणसाला त्यांनी आधी हाकलले, मग चहा दिला. भावजींनी फसवले असे मी म्हणणार नाही, मुलाच्या धंद्यासाठीच विकली. पण विचारले नाही. विचारायचे कारण नव्हते, सातबारावर एकच नाव होते. जाऊबाई पुढे बारा वर्षे होत्या, त्या बाजूला कधी फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याकडे विषय काढला. ह्यांचे म्हणणे साधे होते. "शेतीला कर नाही. नाव अर्धं केलं काय, पुरं ठेवलं काय, एक पैसा वाचत नाही. मग कागदाचा खर्च कशाला?"

हिशेबाने ते चूक नाही. उलट, आपल्याकडे नवऱ्याने बायकोला ठेव किंवा भाड्याचे घर नुसते बक्षीस दिले, तर त्याचे उत्पन्न कर मोजताना नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी बायकोच्या नावे ठेव ठेवली आणि कर वाचला म्हणून पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर वकिलाने सांगितले की व्याज तुमच्याच खात्यात धरायचे. तेव्हा करासाठी म्हणून बायकोचे नाव लावायला कुणी निघाला असेल तर त्याने आधी विचारावे.

सरकारला नवरा-बायकोचे नाते कधी सुचलेच नाही असेही नाही. आपले चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातल्या नात्यात जन्मलेले, देशाचे अर्थमंत्री होते. त्यांनी १९५५ च्या अंदाजपत्रकात करमाफीची मर्यादा लग्न झालेल्याला २,००० रुपये आणि बिनलग्नाच्याला १,००० रुपये अशी वेगवेगळी केली होती. पुढे तो भेद गेला. विलायतेत तर २०१५ पासून अशी सोय आहे की घरी असलेली किंवा थोडके कमावणारी बायको आपल्या करमाफीतले १,२६० पौंड नवऱ्याला देऊ शकते, आणि त्याचा वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. नवरा थोडके कमावणारा असेल तर तो बायकोला देतो. माझा भाचा लेस्टरला असतो, त्याने ही सवलत घेतली. गंमत अशी की अर्ज ज्याचे उत्पन्न कमी त्यानेच करायचा. भाच्याला वाटले आपण करू. शेवटी सुनेनेच केला, आणि मागच्या चार वर्षांचेही मिळते हे तिनेच शोधून काढले.

पण या सगळ्या सवलती नवऱ्याचा कर वाचवायच्या. बायकोच्या नावे काही असावे ही गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या महाराष्ट्रात करवाल्यांनी नव्हे, शेतकऱ्यांनी काढली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायांचे मोठे अधिवेशन घेतले, आणि पुढे १९८९ च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. कुणी सक्ती केली नव्हती, कायद्याने करात एक पैसा सुटत नव्हता, तरी गावेच्या गावे पुढे आली. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले की नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबारावर बायकोचे नाव लावावे. घराचेही तसेच. तुमच्याकडे ग्रामपंचायत असेल तर घराच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावण्याचा आदेश २००३ पासून आहे.

हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुला काय वाटतं, मी वाडी विकीन?" मी म्हटले, "तुम्ही विकणार नाही. पण आता वसई तालुक्यातून बुलेट ट्रेन चालली, मोठा रस्ता चालला. उद्या आणखी काही निघालं तर मोबदल्याची नोटीस कुणाच्या नावे येईल? आणि तुमच्या माघारी मला वारसाच्या नोंदीसाठी किती दिवस रांगेत उभं राहावं लागेल?" माघारीचा शब्द मी उच्चारायला नको होता. ते उठून वाडीत गेले आणि दुपारी जेवायला आले नाहीत. मी थाळी झाकून ठेवली.

चार दिवसांनी आपणहून म्हणाले, "चल, तलाठ्याकडे जाऊ." तिथल्या माणसाला त्या जुन्या परिपत्रकाची फारशी माहिती नव्हती. मग ओळखीच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, अर्जाने नोंद होईलही, पण मालकीचा नोंदवलेला दस्त असलेला बरा, पुढे कुणी बोट ठेवत नाही. नवऱ्याने बायकोला शेतजमीन किंवा राहते घर बक्षीस दिले तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक उपकराचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्यावा. मुलाला आणि मुलीला बोलावून सांगितले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही गोव्याचे जावई झालात!" धाकट्या भावजींना मात्र पटले नाही. "घरात राहून कागद कशाला?" असे म्हणाले, आणि तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांचाही सातबारा एकट्याच्याच नावे आहे, आणि आमच्या धाकट्या जाऊबाई परवा विहिरीवर मला हळूच विचारत होत्या की खर्च किती आला.

निबंधकाच्या कचेरीत माझा अंगठ्याचा ठसा यंत्राला लागेना. कोथिंबीर, पालक, माती, बेचाळीस वर्षांची. तिथला पोरगा म्हणाला, "आजी, हात पुसा." पुसला. तिसऱ्यांदा लागला. हे बाजूला उभे राहून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला भजी खाऊ घातली. लग्नानंतर आम्ही दोघे असे बाहेर बसून कधी खाल्ले होते, आठवत नाही.

दस्त झाला. आता फेरफाराची नोटीस लागली आहे, हरकतीला पंधरा दिवस. आज अकरावा. भावजी हरकत घेतील असे कुणी म्हणते, कुणी म्हणते घेणार नाहीत. मी बाजाराला जाताना जरा वाकड्या वाटेने जाते, आणि नोटिशीचा कागद फळ्यावर आहे ना, तेवढे बघून पुढे होते.