निनावी राक्षस

बालवर्गात हस्तव्यवसाय शिकविणाऱ्या माझ्यासारखीकडे दिवाळीच्या सुमारास पालकांची एक फर्माईश हटकून येते, ती ही, की मुलांकडून यंदा चांगलासा रावण करवून घ्यावा. आणि मी ती तितक्याच हटकून, परंतु आदरपूर्वक, दप्तरदाखल करते. रावणाविषयी माझा आकस नाही. पण त्यास दहा तोंडे असलीच पाहिजेत हा पुराणांचा हुकूम आहे, आणि चार वर्षांचे मूल सातव्या तोंडापाशी कंटाळले म्हणजे उरलेली तीन बाईंनाच चिकटवावी लागतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळले जाणारे नरकासुर, किंवा जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात नाचविले जाणारे मुखवटे, ही थोरांची कामे होत. तेथे रूप संकेताने बांधलेले असते. निनावी राक्षसाला असला कोणताच शिरस्ता लागू नाही. त्याचा तिसरा डोळा हनुवटीवर उतरला तरी ‘चुकले’ म्हणण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही, आणि माणसाचे चित्र काढताना ज्यांचा हात आखडतो अशी मुलेही येथे बेलाशक कागदाला हात घालतात, ती याचमुळे.

बोर्डी येथे १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी मॉन्टेसरीच्या खर्चिक साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तू वापरात आणल्या; तो मार्ग ठाऊक असताना बाजारातील तयार संच विकत घेण्याचे प्रयोजन मला कधीच उमगले नाही. रद्दी, थोडा पतंगी कागद आणि खळ, एवढ्यावर भागते. कात्री मी प्रथम देतच नाही. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ पट्ट्या निघतात आणि आडवे फाडू गेल्यास ते वेडेवाकडे तुटते, कारण कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेस वळलेले असतात. हे व्याख्यान मुलांपुढे द्यावे लागत नाही, त्यांची बोटेच उभ्या पट्ट्यांचे केस आणि आडव्या फाटीचे दात निवडू लागतात. खळ मैद्याची, मंद आचेवर शिजविलेली असावी. बुकबाइंडर तीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते विषारी असल्याने येथे सर्वथा वर्ज्य. त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी आणि वाळत घातलेले राक्षस उंदरांच्या आवाक्याबाहेर दोरीला टांगावेत.

जबड्याची घडी तेवढी मी दाखविते. कागद लांबीत तीन पदरी दुमडायचा, ती पट्टी मध्यावर मोडायची, मग दोन्ही टोके बाहेरच्या अंगाने उलटी मोडीपर्यंत आणायची; वरच्या पोकळीत चार बोटे, खालच्या पोकळीत अंगठा, की तोंड उघडते-मिटते. आता भय दाखविण्याचा कार्यक्रम सुरू होईल असे पाहुण्यांस वाटते, आणि घटकाभर होतोही. परंतु लौकरच कोणीतरी ‘बाई, ह्याला भूक लागलीय’ अशी वर्दी देते, आणि मग रद्दीच्या भाकऱ्या, पतंगी कागदाची चटणी, सारे त्या जबड्यात कोंबले जाऊन खालून जमिनीवर सांडत राहते, आणि वर्ग झाडावयास आलेल्या मावशींना जेवणे आटोपेपर्यंत दाराशी तिष्ठावे लागते.